चमचाभर मलई

मित्रांनो, मी चिनी मातीची एक जुनी प्लेट आहे. माझे काम नेमके काय, असे विचाराल तर या वयातही माझा गोंधळ उडतो.

भट्टीतून निघाले ती थेट एका मोठ्या हॉटेलात गेले. तिथला मुख्य आचारी मला गरम पाण्यातून काढी, मधोमध पदार्थ मांडी आणि काठावरचा थेंब फडक्याने टिपी. "पळ आता! गार झालं तर सगळी मेहनत पाण्यात," असे वाढप्याला दटावी. मी भरून जाई, रिकामी होऊन येई. मला वाटे, हेच आपले काम.

निवृत्त होताना आचाऱ्याने मला घरी आणले. त्याच्या बायकोने मला काचेच्या कपाटात उभे केले. पाहुणे यायचे, "काय सुरेख आहे हो!" म्हणायचे आणि स्टीलच्या ताटल्यांत जेवून जायचे. कौतुक माझे, जेवण दुसरीकडे! वीस वर्षे मला हे कोडे सुटले नाही.

बायको वारल्यावर त्यांच्या मुलीने मला बाहेर काढले. ती मोबाइलवर पदार्थांचे फोटो टाकते. हजारो लोक वाहवा करतात. मी हरखून गेले. पण फोटो निघाला की पदार्थ कचऱ्याच्या डब्यात! आता मी भरून जाई आणि भरलेलीच परत येई.

परवा दुपारी तिने केकवर पांढरीशुभ्र मलई चढवली आणि फोन आणायला आत गेली. तेवढ्यात म्हातारा आचारी काठी टेकत आला. त्याने चमचाभर मलई तोंडात घातली आणि त्याला जोराचा ठसका लागला.

मुलगी धावत आली. "अहो बाबा, थुंका! दाढीचा फेस आहे तो. खरी मलई दिव्याखाली वितळते."

त्याने चूळ भरली. "म्हणजे हे खायचं नव्हतंच?"

"नाही हो. नुसतं फोटोसाठी."

"असं होय! मला वाटलं, माझ्यासाठी केलंयस."

मुलीने तो फेसाचा केक बाजूला काढला. तिने मला घासूनपुसून घेतले, दोन अंड्यांचे ऑम्लेट केले. ते एका कडेला करपले होते. दोघे माझ्यातच जेवले. तिचा फोन आतल्या खोलीत वाजत राहिला.

दुसऱ्या दिवशी माझ्यावर पुन्हा फेस चढला. मित्रांनो, आम्हांला हौसेने सजवा, फोटोही काढा. पण घरात कोणी भुकेले आहे का, तेवढे आधी विचारा. त्या ऑम्लेटचा फोटो कुठेच नाही. तरी माझ्या साऱ्या आयुष्यातले मला पुन्हापुन्हा आठवते ते तेवढेच. असे का, ते मला अजून कळलेले नाही.