मुजीबची पाठ

माझा धाकटा भाऊ मुजीब तालमीत माझ्याकडून रोज पडायचा. हे आधीच सांगतो, कारण त्यामुळंच पुढचं काही मला कधी पचलं नाही.

आमचं गाव लोहाऱ्यापासून जीपनं वीस मिनिटांवर. आजोबा पैलवान, अब्बा पैलवान. अब्बा चारचौघांत म्हणायचे, "घराण्याचं नाव सरदारच काढंल. मुजीबचं अंग नुसतं दिसायला हाय." पंचविशीत तालुक्यात मला जोड नव्हता. मग जिल्ह्याच्या निवडीत दोनदा हरलो, लग्न झालं आणि गावातली तालीम सांभाळत राहिलो.

मुजीब हैदराबादला गेला, तिथून पंजाबात. तिथं टीव्हीवर दाखवायची कुस्ती शिकला. त्यात हारजीत आधीच ठरलेली असते. पण गडी उंचापुरा, देखणा, लोकांना आवडला. दुबई झाली, काठमांडू झालं. दहा वर्षं घरी कुणीही आलं की अम्मी मोबाईल काढून त्याच्या उड्या दाखवायची. माझी एकही कुस्ती कुणी टिपून ठेवली नव्हती.

चार वर्षांपूर्वी तो परतला आणि खवा-पनीरचा कारखाना टाकला. त्याच्या फोटोचे टेम्पो तुळजापूरपर्यंत पळायला लागले. माझी बायको उम्मेहानीसुद्धा आमच्या दोन म्हशींचं दूध त्याच्याच डेअरीला घालायची. "भाऊजी फॅट बरोबर लावतात," म्हणायची आणि मी ताटावरून उठायचो.

यंदा जत्रेच्या आधी कमिटीचे बब्रुवान तात्या घरी आले. मला वाटलं, कुस्त्यांना पंच म्हणून विचारायला आले असतील.

"सरदार, मानाचा फेटा मुजीबला बांधायचं ठरलंय," ते म्हणाले. "तुझी ना न्हाय न्हवं?"

"माझी कशाला असंल?"

पण जत्रेच्या दिवशी कुस्त्यांच्या मैदानात मुजीबच्या डोक्याला फेटा लागला, सगळं मैदान शिट्ट्या मारायला लागलं, आणि मला राहवलं नाही. मी निवेदकाच्या हातातला माईक ओढला.

"हा फेटा पैलवानाचा हाय, नाटकवाल्याचा न्हाय! मुजीब, पैलवान असशील तर मातीत उतर."

मुजीबनं माझ्याकडं बघितलं. मग त्यानं फेटा काढून पुढं बसलेल्या अब्बांच्या मांडीवर ठेवला, सदरा उतरवला आणि पँट गुडघ्यापर्यंत दुमडून आत आला.

मी त्रेचाळीसचा, तो अडतीसचा. सलामी झाली. मी मान दाबायला गेलो तसा तो अंग चोरून बाजूला झाला. दोनदा तसंच. तिसऱ्यांदा मी खाली वाकून त्याचे पाय धरले, उचलला आणि फेकला. धाडकन पाठ मातीला. हलगी कडाडली, लोकांनी मला खांद्यावर घेतलं. वीस वर्षांत पहिल्यांदा पोट भरल्यासारखं वाटलं.

घरी अब्बा ओट्यावर बसले होते.

"बघितलं न्हवं, अब्बा?"

"बघितलं," ते म्हणाले. "तुझी पकड बसायच्या आधीच त्यानं पाय सोडले हुते. तू फेकलं न्हाईस, सरदार. तो पडला."

सकाळी मी तडक कारखान्यावर गेलो. मुजीब खव्याच्या कढईपाशी मानेला पट्टा लावून उभा होता.

"मुद्दाम पडलास?"

"व्हय, भाई."

"का?"

त्यानं पट्टा सोडला आणि पाठमोरा झाला. मानेवर, एरवी केसांखाली झाकलेला, वीतभर टाक्यांचा व्रण. "आत लोखंड हाय. काठमांडूत उडी चुकून वरून उलटा आलो तवा बसवलं. घरात कुणाला सांगितलं न्हाय. डॉक्टरनं कुस्तीचं नावसुद्धा काढू नको म्हणलंय. तुमी मान धरली असती तर म्या उठलोच नसतो."

"मग न्हाय म्हणायचंस की!"

"एवढ्या माणसांत? अब्बांच्या समोर? तुमी मला दुसरी वाट कुठं ठेवली हुती?" तो चिडला नव्हता, आणि तेच जास्त लागलं. "कसं पडावं ते मला येतंय. दहा वर्षं त्याच्यावरच भाकरी खाल्ली."

भावाचा जीव जाता जाता राहिला होता. माफी मागायला तोंड उघडलं आणि बाहेर पडलं भलतंच: "म्हंजी ही कुस्तीबी तुझीच झाली."

मुजीब कढईकडं वळला. "जावा घरी, भाई."

तीन दिवस मला अन्न गोड लागलं नाही. चौथ्या दिवशी मी बब्रुवान तात्यांच्या दुकानी चार माणसं बसलेली बघून जे झालं ते सगळं सांगितलं. व्हायचं तेच झालं. लोक मुजीबचंच कौतुक करायला लागले. तिथून मी कारखान्यावर गेलो.

"चुकलं माझं," म्हणालो. "तालमीत येत जा. पोरांना मान न मोडता पडायला शिकव. ते मला येत न्हाय."

आता तो दर शुक्रवारी नमाज झाल्यावर येतो. पोरं माझा डाव अर्धा टाकून त्याच्याभोवती गोळा होतात. त्यांचं हसणं ऐकलं की छातीत अजून जळतं. मी फावडं घेतो आणि पलीकडची माती उकरत राहतो. पण एखाद्या शुक्रवारी त्याला उशीर झाला, तर फोन मीच करतो.