कुंकवाची चकती

या, असं पुढं सरकून बसा. मागं बसलं की कीर्तनसुद्धा अर्धंच कानी पडतं, ही तर साधी गोष्ट. परभणीच्या योगीराजची आणि मानवतच्या सिद्धोधनची. जरा लक्ष देऊन ऐका, कारण शेवटी मला तुमच्याकडं काहीतरी मागायचं आहे.

डोंगरात पळवायच्या सायकलींचं योगीराजला भारी वेड, आणि वेडासोबत पारखही. कुणी चाकाचा नवा हब काढो, नवं पेडल काढो, ते तो स्वतःच्या सायकलीला बसवायचा, राणीसावरगावच्या बाजूच्या दगडगोट्यांच्या उतारावरून पिटाळायचा आणि कसं चाललं ते मोबाइलवर व्हिडिओ करून सांगायचा. पुण्या-मुंबईचे सायकलवाले त्याचा शब्द मानत. त्याची आई तानुबाई म्हणायची, "पोरगं लोखंडाची परीक्षा घ्यायलंय. देव ह्याची कधी घेणार, कोण जाणे!"

सिद्धोधनचं मानवतला लेथचं दुकान. कापसातली सरकी काढणाऱ्या जिनिंग यंत्रांचे सुटे भाग करता करता त्यानं डोंगरी सायकलीचा डिस्क ब्रेक तयार केला. चाकाच्या मधोमध फिरणारी पोलादी चकती, आणि हँडलवरची लिव्हर दाबली की तिला दोन्हीकडून चिमटीत धरणारे गुटके. परदेशी ब्रेकच्या तोडीचा. चकतीत त्यानं आरे कोरले होते, धम्मचक्राला असतात तसे. पुण्याचा एक सायकल क्लब आपल्या सगळ्या सायकलींना हाच ब्रेक घ्यायच्या विचारात होता. फक्त 'योगीराज काय म्हणतो ते बघू' एवढंच अडलं होतं.

योगीराजनं ब्रेक बसवला तो नेमका दसऱ्याच्या आदल्या दिवशी. दसऱ्याच्या सकाळी तानुबाईनं स्कूटी पुजली, शिलाई मशीन पुजलं, मग सायकलीकडं वळली. ती चकचकीत चकती दिसली आणि तिचे हात आपोआप जुळले. "अगं बाई, सुदर्शन चक्रच की हे!" कोरडं कुंकू गुळगुळीत पोलादावर ठरेना. मग माउलीनं निरांजनातलं तेल घेतलं, त्यात कुंकू कालवलं आणि चकतीला सगळीकडून प्रेमानं बोटं ओढली.

योगीराज बाहेर आला तेव्हा मित्र दारात हॉर्न वाजवत होते. चकतीवर लाल बोटं. आता बघा, चकतीला तेल लागलं की गुटके ते पितात आणि ब्रेक धरेनासा होतो, हे तो साऱ्या जगाला बजावून सांगणारा माणूस. चकती स्पिरिटनं धुवायला हवी होती. पण त्याच्या मनात आलं ते एवढंच, की व्हिडिओत कुंकू दिसायला नको. त्यानं गळ्यातल्या रुमालानं चकती खसाखसा पुसली आणि निघाला.

उतारावर लिव्हर दाबली, चाक काही ऐकेना. दुसऱ्यांदा दाबली, तरी नाही. सायकल थेट बाभळीत! मित्र पोट धरून हसले. कोपर सोललेलं, शर्टात काटे. योगीराज उठला आणि मोबाइलकडं बघून म्हणाला, "बघितलं? हा आमच्या मानवतचा जागतिक दर्जा! हे कापसाच्या यंत्राला बसवा म्हणावं, माणसाच्या जिवाशी खेळू नका."

व्हिडिओ असा फिरला की बोलायची सोय नाही.

दुसऱ्या दिवशी सिद्धोधनचा फोन आला. "जय भीम, योगीराजभाऊ. लय लागलं का हाताला?"

"लागणारच की."

"एक इचारू? रागावू नका. डिस्कला तेल-बिल कायी लागलं होतं का?"

"म्या काय काल सायकल शिकलो का? माल खराब निघाला की समदे असंच म्हणतेत."

 मग सिद्धोधन म्हणाला, "बरं." आणि फोन ठेवला.

त्या घडीला योगीराजला रुमाल आठवला होता की नव्हता, हे तो आजही छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही.

क्लबानं सिद्धोधनला 'ब्रेक नको' म्हणून कळवलं. पुढच्या आठवड्यात देवळात काल्याचं कीर्तन झालं. तानुबाई प्रसाद घेऊन आली, लेकाच्या हातावर दही-लाह्या ठेवल्या आणि त्याचं कोपर बघून म्हणाली, "पूजा केली म्हणून एवढ्यावर निभावलं बग. चांगलं तेलात कालवून लावलं होतं कुंकू."

योगीराजचा घास तोंडातच राहिला. आणि तोंडून निघालं ते काय? "तुझ्यामुळंच झालं समदं! तेल लावतेत का तिथं?"

तानुबाई तिथंच त्याच्याजवळ बसली. सगळं समजून घेतलं आणि पदर सावरून उठली. "चल. मला त्या लेकराच्या दारात ने."

मानवतच्या दुकानात सिद्धोधनची बायको माधवी दारातच होती. "या या, बाभळीतले पाव्हणे!" ती म्हणाली. पण मागं तानुबाई दिसली तशी तिनं खुर्ची पुसून पुढं केली. तानुबाई बसलीच नाही. सिद्धोधनपुढं दोन्ही हात जोडून वाकली. "बाबा, माझ्या हातानं तुझं नुकसान झालं. मला कळलं न्हाई."

सिद्धोधननं तिचे हात धरले. "मावशी, तुमी तर माझ्या कामाला कुंकू लावलं. आजवर कुणी लावलं न्हवतं." मग त्यानं योगीराजकडं पाहिलं. फोनवर विचारायचं ते विचारून झालं होतं.

आईचे जोडलेले हात बघून योगीराजला धरणी दुभंगावी असं झालं. तो खाली मान घालून म्हणाला, "आई, तुझं कायी चुकलं न्हाई. मला दिसलं होतं ते. रुमालानं म्याच पुसलं. ह्यांनी इचारलं तर ह्यांनाच बोललो. आन वरून तुझ्यावर ढकललं."

सिद्धोधननं योगीराजची सोबत आणलेली सायकल आडवी केली, चकती स्पिरिटनं धुतली, नवे गुटके घातले. "चला, बसा."

दुकानामागच्या कालव्याच्या भरावावरून योगीराज सुटला. लिव्हरला नुसती दोन बोटं लावली तर चाक जागच्या जागी थांबलं.

"धरला का?" वरून सिद्धोधननं विचारलं.

"धरला," योगीराज म्हणाला. वर बघायची त्याला छाती झाली नाही.

त्यानं तिथंच दुसरा व्हिडिओ केला. आईचं नाव घेतलं नाही. तेलकट रुमाल हातात धरून आपलं नाव घेतलं. पण लोकांना बाभळीतला व्हिडिओच आवडतो. तो अजून फिरतो, लोक अजून हसतात. हा दुसरा कुणी फारसा बघितला नाही. क्लबानं ब्रेक दुसरीकडून घेतले. योगीराज आता कुठल्याही वस्तूचं बरंवाईट सांगण्याआधी करणाऱ्याला फोन लावतो, आणि तिकडून "हॅलो" आलं की त्याचे कान आजही तापतात.

म्हणून मागणं एवढंच, मायबाप. बाभळीतला व्हिडिओ तुमच्याही मोबाइलवर कधी ना कधी येईल. हसू आलं तर हसा, पण शेजारच्याला सांगा की ब्रेक चांगला होता. आणि तो करणाऱ्या मानवतच्या सिद्धोधनची नावानिशी आठवण ठेवा.