सात नंबरचं बोट

गुरुवारी सकाळी सात वाजता जलदर्शन कॉलनीतली निम्मी माणसं पंपाच्या खोलीसमोर उभी होती. हंडे, कॅन, निळे ड्रम. एका आजोबांच्या हातात तर नुसता कुकर. कॉलनीला हे नाव दिलं तेव्हा हर्सूलचा तलाव भरलेला होता. आता त्याच्या तळाला पडलेल्या भेगांत गुरं पाय सांभाळत चालायची. तरी त्या सकाळी कुणाचीच नजर टाकीकडे नव्हती. सगळे बघत होते दाराशेजारी भिंतीत बसवलेल्या काळ्या यंत्राकडे.

रामप्रसाद महाराजांनी शाल सावरली आणि उजव्या हाताचं मधलं बोट आभाळाकडे उगारलं.

"बोटात वीज! विजेत जीव! जीवात शिव! विज्ञान जिथं थकतं, तिथून आपली वायरिंग सुरू होते! सोनाजीऽऽ, कॉलनी तहानलीय. दार उघड!"

बोट काचेवर टेकलं. हिरवा दिवा लागला. यंत्रातली बाई गोड आवाजात 'थँक यू' म्हणाली, कुलूप खट्ट वाजलं आणि छोट्या पडद्यावर इंग्रजी अक्षरांत नाव उमटलं : सोनाजी.

गर्दीनं हात जोडले. सोनाजीला जाऊन अडीच महिने झाले होते.

मागे भिंतीला टेकून त्याची मुलगी प्रांजली उभी होती. तिच्या पर्समध्ये बर्फाच्या पिशवीत गुंडाळलेलं इन्सुलिन होतं. पुढे, महाराजांच्या अगदी पायाशी, मानाच्या खुर्चीवर तिची आई सखूबाई बसली होती. आईच्या डाव्या पायाला फडकं गुंडाळलेलं आणि त्यावर अंगारा. पडद्यावर नाव आलं तशी आईनं डोक्यावरचा पदर पुढे ओढला, माणूस घरात आल्यावर ओढायची तसा.

ते नाव यंत्रात प्रांजलीनंच भरलं होतं, एकेक अक्षर दाबून. तरी दर गुरुवारी ते उमटलं की ती दाराकडे बघायची, वडील आतून बाहेर येतील तशी. मग ती स्वतःवरच चिडायची.

सोनाजीचे वडील पिशोरकडचे, मेंढरांमागं जन्म काढलेले. सोनाजी शहरात आला आणि शहागंजच्या एका बोळात जळालेल्या मोटारींत तांब्याची तार पुन्हा भरून देऊ लागला. दुष्काळात पाणी खोल जायचं, बोअरच्या मोटारी कोरड्या फिरून जळायच्या आणि त्याच्या दुकानापुढं रांग लागायची. "लोकांच्या तहानंवर आपलं घर चालतंय," असं तो खाली मान घालून म्हणायचा. म्हणूनच की काय, दुकान बंद केल्यावर कॉलनीचा पंप त्यानं फुकट सांभाळला. पाण्याची चोरी व्हायला लागली तेव्हा कॉलनीनं हे यंत्र आणलं आणि ते लावायचं काम सोनाजीवर आलं. माहितीपुस्तक इंग्रजी होतं. ते वाचायला त्यानं मुलीला बोलावलं. ती कॉलेजच्या ग्रंथालयात कामाला होती. वाचायचं म्हटलं की तिलाच हाक.

एका रविवारी दोघांनी मिळून सगळी कॉलनी यंत्रात भरली. पद्धत सोपी होती. आधी नंबर द्यायचा, त्या नंबराला नाव द्यायचं, मग त्यानं आत कसं यायचं ते ठरवायचं : बोटानं, कार्डानं की चार आकड्यांनी. बोट असेल तर ते तीनदा टेकवायचं. सोनाजीचा नंबर सात. पण यंत्र त्याचं बोट घेईना. अंगठा झाला, तर्जनी झाली, दुसरा हात झाला. चाळीस वर्षं तांब्याची तार ओढून आणि वॉर्निशमध्ये हात घालून बोटांवरच्या रेषाच पुसल्या होत्या.

"दहाच्या दहा नापास!" सोनाजी हसला. "शाळेत बी असंच व्हायचं."

"अण्णा, मग आकडा ठेवू. कुठला ठेवायचा?"

"बावीस-चोवीस." ते तारेच्या जाडीचे गेज. त्याच्या हाताला सगळ्यांत ओळखीचे.

मग त्यानं यंत्रावर बोटानं टिचकी मारली. "हे काय माणूस वळखत नाय, प्रांजू. आमच्या मेंढरावर गेरूची खूण असायची ना, तसं हे. तुझी खूण दुसऱ्याच्या मेंढराला लाव, ते बी तुझ्याच कळपात येऊन बसंल. खूण बघतंय ते. मेंढरू नाय बघत."

सोनाजीच्या तेराव्याच्या दिवशी कॉलनीचे सेक्रेटरी बद्रीनाथ यंत्राचे कागद मागायला आले. प्रांजलीनं माहितीपुस्तक दिलं आणि यंत्राची सगळी यादी, आणि अडलं तर दारही, उघडणारा मुख्य आकडाही चिठ्ठीवर लिहून दिला. घरातून एक तरी ओझं कमी व्हावं, एवढंच तिला त्या दिवशी वाटत होतं.

पंधरवड्यात एकेका घराचं बोट चालेनासं झालं. यंत्रातली बाई म्हणायची, 'प्लीज ट्राय अगेन'. बद्रीनाथांनी आपले गुरू, रामप्रसाद महाराज, बोलावले. गुरूंनी बोट टेकवलं आणि सोनाजीचं नाव उमटलं. 'ट्राय अगेन'चा अर्थही महाराजांनी सांगून टाकला : बोटाला पाप लागलंय, क्षालन करून या. तेव्हापासून दर गुरुवारी दार उघडायचं ते महाराजांच्या बोटानं, यंत्राला दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही, आणि कुणाला किती हंडे हेही त्यांनीच ठरवायचं. ज्या घरातून सेवा घडे त्या घराचा ड्रम भरे. पाचव्या घरातल्या सारजाबाईंनी एकदा तोंड वर करून विचारलं, तर त्यांना सगळा आठवडा दोन हंड्यांवर काढावा लागला.

आणि सखूबाईंना आज्ञा झाली. महाराजांच्या तोंडून सोनाजी बोलला म्हणे : सुया टोचून घेऊ नको, माझ्या हातचं पाणी पी.

त्या गुरुवारी दुपारी घरी प्रांजलीनं आईचं फडकं सोडलं. पायाचा अंगठा काळसर पडला होता.

"आई, साखर चारशेच्या वर आहे. डॉक्टर म्हणालेत आठ दिवसांत उपचार नाही झाले तर पाय जाईल. पायावर थांबेल असंही नाही."

"जाऊ दे. चाळीस वर्सं त्यांचं ऐकलं, आता शेवटचं मोडू व्हय?"

"ते अण्णा नाहीत गं. यंत्रानं अण्णांचं बोट कधी घेतलंच नव्हतं. तू होतीस ना तिथं?"

"तवा देह व्हता. घासलेला, झिजलेला. आता मोकळे झालेत ते." हे वाक्य महाराजांचं होतं. आईच्या तोंडात ते आईचं होऊन बसलं होतं.

प्रांजलीनं इन्सुलिन सुईत भरलं. तिनं आयुष्यभर पुस्तकं वाचली, लोकांना वाचायला दिली. आईचा दंड सुईपुढं आणेल असं एक वाक्य तिला त्या सगळ्यांत सापडेना. हात धरून टोचावं म्हटलं तर आईनं दंड छातीशी घट्ट आवळून धरलेला, लहान मूल धरतं तसा.

उठता उठता ती सहज म्हणाली, "अण्णांचा आकडा तरी त्यांनी कधी सांगितला का गं?"

आईनं सुटलेलं फडकं पुन्हा पायाला गुंडाळलं. "सांगतील की," ती म्हणाली. "त्यांच्या तोंडून ऐकावासा वाटतोय खरा."

पुढच्या गुरुवारी गर्दी दुप्पट होती. बाहेर टँकर येऊन उभा राहिला होता आणि त्याचा चालक फकिरा पाइप खांद्यावर घेऊन ताटकळत होता, कारण टाकीत पाणी सोडायचा व्हॉल आतल्या खोलीत. महाराज नुकते रंगात आले होते.

"आत्म्याला आधार कार्ड लागत नाही! आत्म्याला रेशन कार्ड लागत नाही! सोनाजी..."

"अहो," सखूबाई खुर्चीतून उठली. इतक्या हळू आवाजात बोलली की गर्दीलाच गप्प व्हावं लागलं. "आज बोट नका लावू. तुमचा आकडा दाबा ना. तुमच्या हातानं दाबलेला बघायचाय मला."

महाराजांनी बद्रीनाथांकडे पाहिलं. बद्रीनाथ यंत्राकडे पाहू लागले. यादी उघडली तरी तीत कुणाचा आकडा दिसत नाही, त्याच्या जागी नुसत्या चांदण्यांच्या खुणा दिसतात. हे प्रांजलीला ठाऊक होतं.

"माई, आत्मा आकड्यांच्या पलीकडे असतो."

"पर तुमी तर रोज दाबायचा."

सगळे बघत होते. महाराजांनी डोळे मिटले, ओठ हलवले आणि शून्य-एक-शून्य-आठ दाबलं. जपमाळेचे मणी.

'प्लीज ट्राय अगेन,' बाई म्हणाली.

"आता महाराजांनीच क्षालन करून यावं," सारजाबाई मागून म्हणाल्या. कुणीतरी फिस्सकन हसलं.

"श्रद्धेची परीक्षा घेता?" महाराज कडाडले. "सोनाजी रुसला! आज दार उघडणार नाही!"

"रुसू द्या की," फकिरा म्हणाला. "मला अजून चार खेपा हायेत. व्हॉल उघडा, नायतर पानी घेऊन निघालो मी."

श्रद्धा एकीकडे आणि बारा हजार लिटर पाणी एकीकडे. गर्दी बद्रीनाथांकडे वळली.

"ओ सेक्रेटरी! पानी चाललं ना! उघडा की तुमच्या त्या आकड्यानं!"

बद्रीनाथांनी घाम पुसला आणि मुख्य आकडा दाबला. यादी उघडली; दार उघडायचं बटण तिच्या शेवटी होतं. तोवर प्रांजली त्यांच्या शेजारी येऊन उभी होती.

"काका, सात नंबर दाखवा."

"आधी पाणी तर..."

"दाखवा म्हणते ना पोरगी," म्हणत सारजाबाईंनी त्यांचं मनगटच धरलं.

प्रांजलीनं बटण दाबत यादी खाली नेली. कॉलनीत बेचाळीस घरं. यादीत उरले होते दोन नंबर : बद्रीनाथांचा आणि सात.

"तुमच्या बोटांना पाप लागलेलं नाही," ती म्हणाली. आवाज तिनं चढू दिला नाही. "तुम्हाला यादीतून पुसलंय. आणि हा बघा सात नंबर. आकडा एक, बोट एक. आकडा अण्णांचा. त्यांचं बोट यंत्रानं घेतलंच नव्हतं, तुमच्यातले निम्मे त्या दिवशी इथं बसून हसत होते. मग हे बोट कुणाचं?"

"देह झिजतो, आत्मा..." महाराजांनी सुरू केलं.

ती वाद घालत बसली नाही. "फकिराभाऊ, इकडं या जरा. बोट पुसा शर्टाला. टेकवा. उचला. परत. अजून एकदा. झालं." तिनं यादी बंद केली. "आता नेहमीसारखं टेकवा."

फकिरानं बिचकत बोट टेकवलं. हिरवा दिवा. 'थँक यू.' पडद्यावर नाव आलं : सोनाजी.

फकिरा उडी मारून मागे सरला. "आयला! मी मेलो का काय?"

आता मात्र सगळी गर्दी हसली. सात नंबराला महाराजांचं मधलं बोट जोडलं होतं, फकिराचं जोडलं तसंच, तीनदा टेकवून. चमत्काराला लागलं होतं एक मिनिट आणि एक चिठ्ठी. चिठ्ठी कुणी दिली होती, हे प्रांजलीनं लपवलं नाही.

"खूण त्यांची," सखूबाई स्वतःशीच म्हणाली. "मेंढरू दुसरं." आणि तिनं डोक्यावरचा पदर मागे सारला.

व्हॉल उघडला तशी माणसं ड्रमांकडे धावली. या गडबडीत महाराज बद्रीनाथांच्या गाडीत कधी बसले ते कुणी पाहिलं नाही. जाता जाता एक बाई म्हणालीच, "यंत्रात गफलत झाली म्हणून महाराज खोटे होत नायत." प्रांजलीनं ते ऐकलं. ती आईला घरी न्यायला वळली.

घरी आईनं स्वतःहून दंड पुढे केला. सुई आत गेली तेव्हा ती भिंतीकडे बघत होती.

"खरं केलंस तू," ती म्हणाली. "पर दर गुरुवारी भेटत व्हते गं मला. ते बी काढून घेतलंस."

प्रांजलीनं कापूस दाबून धरला. रक्त केव्हाच थांबलं होतं, तरी ती दाबतच राहिली.

आठवडे वाया गेले होते. पाय वाचला, अंगठा गेला. त्यानंतर महिन्याभरात रामप्रसाद महाराज शहराच्या दुसऱ्या टोकाला, नव्यानं उभ्या राहिलेल्या एका कॉलनीत दिसल्याचं फकिरानंच सांगितलं. तिथंही पाणी नाही आणि दाराला नवं यंत्र आहे.

म्हणून हे लिहून ठेवायचं. यंत्र बोट ओळखतं, माणूस ओळखत नाही. त्यात जे भरलं तेच ते परत सांगतं. तेव्हा नाव कुणाचं उमटलं ते बघून हात जोडण्याआधी, बोट कुणाचं होतं ते विचारा. यादी कुणाच्या हातात आहे ते विचारा. आणि मेलेल्या माणसाच्या नावानं कुणी जित्या माणसाचं औषध बंद करत असेल, तर त्याच दिवशी विचारा, आठ दिवस थांबू नका. विचारल्यानं देव रागावत नाही. रागावतो तो माणूस असतो.

बेचाळीस घरं प्रांजलीनं पुन्हा यंत्रात भरली. सात नंबराची दोन्ही बोटं पुसली. सगळा नंबरच पुसायला गेली तेव्हा मागून आईनं तिच्या खांद्यावर हात ठेवला.

"आकडा राहू दे."

आता सकाळी सखूबाई काठी टेकत पंपाच्या खोलीशी येते. बावीस-चोवीस दाबते. बाई 'थँक यू' म्हणते, नाव उमटतं आणि दोन-तीन सेकंदांत पडदा विझतो. पहिल्या दिवशी प्रांजली सोबत होती. पडदा विझल्यावरही आई तिथंच उभी राहिली.

"आई, ते आत नाहीत."

"ठावं हाय मला," आई म्हणाली. "दाबलं कुनी, मीच ना? चल, व्हॉल फिरव. लोकं खोळंबलीत."