पलंगाखालची जागा

यंत्र घरी येण्याआधी मी सगळं मोजलं होतं. बेडरूमचं दार, बाथरूमचं दार, दोन्हींमधला बोळ, बाथरूमचा उंबरा, पंख्यापर्यंतची उंची. आईचं वजन हॉस्पिटलच्या कागदावर होतं; त्यानंतर ती किती वाळली असेल याचा अंदाजही धरला. फिजिक्समध्ये एम.एस्सी. केलेल्या माणसाने मोजावं तसं मोजलं. फक्त पलंगाखाली किती जागा आहे हे मोजलं नाही. आमचा पलंग पेटीचा आहे. त्याच्या फळ्या थेट फरशीला टेकतात आणि आत घरातलं सगळं जादा सामान भरलेलं. जी जागा नाहीच, ती मोजायचं मला सुचलं नाही.

यंत्राच्या खोक्यावर ‘पेशंट लिफ्ट’ लिहिलं होतं. बाबा त्याला क्रेन म्हणत. खाली चाकांवरचे दोन लांब पाय, त्यावर उभा खांब, खांबाला पुढे आलेला लोखंडी हात आणि हाताला आकडे. आकड्यांत कापडी झोळी अडकवायची, झोळीत माणूस. दांडा वरखाली केला की हात वर जातो आणि माणूस अलगद गादीवरून सुटतो. एकट्या माणसाला दुसऱ्याला उचलता येतं.

आम्हाला तेच हवं होतं. गेल्या वर्षी स्कूटर घसरून आईच्या मानेच्या मणक्याला मार बसला. पाय गेले. हात हलतात, पण बोटांत पकड नाही. सुरुवातीला तिला कुठे न्यायचं असलं की शेजारचा परेश आणि त्याचा भाऊ यायचे. दोघे जिमला जाणारे. चादरीचे कोपरे धरून “एक, दो, तीन” म्हणत तिला उचलायचे. परेश चांगला मुलगा आहे. पण एकदा उचलताना आईचा गाऊन मांडीपर्यंत वर सरकला आणि तिला तो खाली ओढता येईना. परेशने पटकन मान फिरवली. मान फिरवली म्हणजे त्याला दिसलं होतं. त्या संध्याकाळी आई म्हणाली, “आता मला कोणी चादरीत उचलायचं नाही.” आणि मग ती पलंगावरच राहिली.

मी आणि बाबा ओल्या टॉवेलने तिचं अंग पुसायचो. तेवढा वेळ ती छताकडे बघायची. एकदा पुसून झाल्यावर म्हणाली, “शमिका, मला नळाखाली बसायचंय. दार लावून. माझ्यावर कोणी पाणी ओतायचं नाही, कोणी चोळायचं नाही.”

“नळ कसा उघडशील?”

“ऑपरेशन थिएटरबाहेर डॉक्टर कोपराने उघडतात ना, तसला लाव.”

तिने जन्मभर शाळेत गणित शिकवलंय. मागणी करायच्या आधी उत्तर काढून ठेवते.

मी कोपराने उघडायचा नळ लावून घेतला. पट्ट्याची, चाकांची आंघोळीची खुर्ची आणली. उंबऱ्यावर सिमेंटचा उतार करून घेतला. आता पलंगावरून खुर्चीवर येणं तेवढं राहिलं होतं.

यंत्र शनिवारी आलं. मी लगेच जोडलं आणि म्हटलं, ट्रायल घेऊ.

“पूजेच्या आधी?” बाबांनी असं विचारलं जणू मी चपला घालून देवघरात शिरले होते.

बाबा इथेच इंदूरमध्ये, सांवेर रोडच्या एका कारखान्यात परचेसमध्ये होते. तिथे नवीन मशीन आलं की हार, नारळ, पेढे झाल्याशिवाय कोणी बटणाला हात लावायचं नाही, आणि मशीन पहिल्यांदा चालायचं ते सगळ्यांसमोर. मशीन चाललं नाही तर काय, हा प्रश्न तिथेही कोणी विचारला नसावा.

“बाबा, ही लेथ नाहीये. हिच्यात आई बसणार आहे.”

“म्हणूनच तर, बेटा.”

मी वाद घातला नाही. एका रात्रीने काय बिघडतंय, असं वाटलं.

रविवारी सकाळी बाबा राजवाड्याकडून झेंडूचा हार आणि पेढे घेऊन आले. शारदाआत्या नारळ घेऊन आली. परेश आला, त्याच्या घरचे आले, कोपऱ्यावरचे जोशीकाका मोबाइलचा कॅमेरा सुरू करूनच आत शिरले. बाबांनी खांबावर कुंकवाचं स्वस्तिक काढलं. आत्याने लोखंडी हाताला हार घातला. मी तोवर आईला कुशीवर वळवून तिच्याखाली झोळी सरकवली होती, पट्टे मांड्यांखालून घेतले होते. आई हिरवा गाऊन घालून, वेणी घालून तयार होती.

“वहिनी, घाबरू नको हं,” आत्या म्हणाली. “पाळण्यात बसल्यासारखं वाटेल.”

“तू बसलीस का कधी यात?” आईने विचारलं.

नारळ फुटला. मी यंत्र पलंगाकडे ढकललं. ठक्. यंत्राचे पाय पलंगाच्या फळीवर आपटले आणि थांबले. लोखंडी हात आईच्या जेमतेम कोपरापर्यंत पोचला. हार तिच्या हातावर लोंबत राहिला.

मला क्षणात समजलं. वजन उचलायचं तर यंत्राचे पाय त्या वजनाच्या खाली हवेत. नाहीतर यंत्र तोंडावर पडतं. म्हणून पाय पलंगाखाली जायला हवेत. कॉलेजच्या पहिल्या वर्षातल्या मुलालाही कळेल एवढं सोपं. माझे कान गरम झाले.

“जोर लगा के,” जोशीकाका कॅमेऱ्यामागून म्हणाले.

“भिया, पलंगाला चारी बाजूला ईंट लावू,” परेश म्हणाला. त्याच्यासाठी सगळेच भिया, म्हणजे भैया. “दोन-दोन. वर उठेल की.”

“पेटीला पाय नसतात, परेश. आईसकट भरलेली पेटी सुट्या विटांवर डगमगेल.”

“मग पायथ्याकडून घाल ना,” आत्या म्हणाली.

“तिकडेही फळीच आहे, आत्या.”

“कंपनीवाल्याने बघायला नको का? फोन लाव त्याला. आजकाल सब ठग बैठे हैं.”

प्रत्येकाकडे उपाय होता. कोणी यंत्राचे पाय कापायला सांगत होतं, कोणी पलंग भिंतीपासून ओढायला. आई मध्ये झोळीत गुंडाळलेली, पट्टे वर आलेले, भाजीच्या पिशवीसारखी. तिच्या अंगावरून लोक बोलत होते. जोशीकाका अजून शूट करत होते.

“काका, तो बंद करा,” आई म्हणाली. “आणि सगळे बाहेर जा. पेढे बाहेर खा.”

सगळे गेल्यावर मी झोळी काढली. तिने डोळे मिटले होते. मी सॉरी म्हणाले आणि तिचा गाऊन सारखा केला.

कंपनीत फोन केला तर तिथला माणूस म्हणाला, “मैडम, हॉस्पिटल बेड ले लीजिए ना. नीचे से खुला रहता है.” मला त्याच्यावर चिडायचं होतं, पण तो बरोबर बोलत होता. मी एक लोखंडी खाट भाड्याने शोधली आणि खोलीचा नकाशा काढून बाबांना दाखवला. मोठा पलंग काढला की खाट, यंत्र, खुर्ची, तिन्ही बसत होती.

बाबांनी नकाशा उलटा धरून पाहिला. “आणि मी कुठे झोपू?”

“हॉलमध्ये दिवाण आहे की.”

“जागा नाही,” बाबा म्हणाले.

“बाबा, हॉलमध्ये आहे. मोजलीय.”

“मी म्हणतो जागा नाही. तुला एकदा सांगून समजत नाही का?” आणि ते टाकीत नर्मदेचं पाणी आलं का बघायला गच्चीवर गेले. त्या दिवशी पाण्याची पाळी नव्हती.

पूर्ण आठवडा तसाच गेला. यंत्र हारासकट बोळात उभं होतं. फुलं सुकून खाली पडायची, मी झाडायची. बाथरूमला जाताना प्रत्येक वेळी त्याला वळसा घालावा लागायचा. ऑफिसात, विजय नगरला, मी दिवसभर सेन्सरचे आकडे तपासते. एक मिलिमीटर चुकला तर रिपोर्ट परत पाठवते. घरी आले की आईचा टॉवेल पिळायला घ्यायची. शेवटी मी तिच्यापाशीच भांडले.

“तूच सांग ना बाबांना. तुला नळाखाली बसायचंय की नाही? खाट आली की एका दिवसाचं काम आहे.”

“खाट नको,” आई म्हणाली.

“तूपण?”

“रात्री माझे पाय आखडतात. मी हाक मारत नाही. ते उठतात, पाय सरळ करतात, मला कुशीवर वळवतात आणि झोपतात. सकाळी त्यांना आठवतसुद्धा नाही. हॉलमधून उठतील का असे?”

“घंटी ठेवू. बटण हाताखाली. कोपराने दाबायचं.”

“मी काय मंदिरात बसलेय, घंटी वाजवायला?”

मला हे माहीत नव्हतं. त्याच घरात भिंतीपलीकडे मी झोपते आणि मला हे माहीत नव्हतं. पण त्यामुळे राग कमी झाला असं नाही. उलट वाढला, कारण आता चिडायला कोणीच उरलं नव्हतं. खाट नको, पलंग हवा, नळही हवा. मी पलंगाच्या फळीवर पाय आपटला. आतून पोकळ आवाज आला.

“फळी केवढी उंच आहे?” आईने विचारलं.

मी मोजली. सोळा इंच. यंत्राच्या पायांना खालची सहा पुरली असती. मी मनातच हिशोब केला. फळीचा ताठपणा तिच्या उंचीच्या घनाप्रमाणे बदलतो, म्हणजे दहा इंच ठेवली तर पाव भागच उरतो. पण पाव भागही दोघांच्या वजनाला भरपूर होता. दोन्ही टोकांना लाकूड तसंच ठेवायचं, मधला तुकडा काढायचा, तळाचा प्लाय काढायचा.

“कापता येईल,” मी म्हणाले. “फक्त तुला तोवर दुसरीकडे...”

बोलता बोलता मी थांबले. पलंग कापायला आईला पलंगावरून उठवायला हवं, आणि तिला उठवायला पलंग कापायला हवा. मला हसू आलं, मग रडू यायला लागलं.

“मी कुठे जात नाही,” आई म्हणाली. “माझ्यासकट काप.”

रविवारी परेशने त्याच्या मामाचं लाकूड कापायचं मशीन आणून दिलं. त्याला दारातच थांबवलं. तो काही न विचारता गेला. शारदाआत्या मात्र आत येऊन बसली. “लग्नाचा पलंग कापतात का कुठे? सुधाकर, तू काही बोलत का नाहीस?”

बाबा फळीवर पेन्सिलने रेघ मारत होते. “तू जरा प्लग दाबून धर,” ते म्हणाले. “ढिला आहे.”

आईच्या तोंडावर ओढणी टाकली. झाकण तिच्या गादीखाली असल्याने पेटीचा तो अर्धा भाग रिकामा करता आला नव्हता. मशीन सुरू झालं आणि सगळा पलंग गुरगुरायला लागला. पातं सरळ जाईना. रेघ सोडून वर चढलं, मी खाली दाबलं, लाकूड चिरफाळलं. मग पात्याला कापूस लागून बाहेर आला.

“माझी रजई!” आत्या ओरडली. “संक्रांतीला दिलेली!”

“वापरली कुठे होती, ताई,” ओढणीखालून आई म्हणाली. “पेटीतच होती.”

तुकडा निघाल्यावर बाबा फरशीवर पालथे झोपले आणि हात घालून सामान ओढू लागले. रजई, पितळी परात, बिनझाकणाचा कुकर, माझ्या शाळेचे स्वेटर. तळाचा प्लाय निघायला दुपार झाली. कडा ओबडधोबड होती, उंदराने कुरतडल्यासारखी. बाबा तिच्याकडे बघत राहिले. “नंतर पॉलिश करून घेऊ,” ते म्हणाले. मला माहीत होतं, कोणी करणार नाही.

आत्या रजई उचलून घरी गेली. मी झोळी घातली. यंत्र ढकललं. पाय आत गेले, एका खिळ्याला अडले, बाबांनी खिळा वाकवला, मग पूर्ण गेले. मी दांडा मारायला लागले. पट्टे ताणले. आईचं डोकं वर आलं, पाठ वर आली, आणि ती गादीपासून सुटली. ती किंचित गरगरली, तिचा चेहरा पांढरा पडला.

“खाली घेऊ?”

“खाली घेशील तर बघ.”

खुर्चीवर उतरवताना ती वाकडी बसली. झोळी आतच राहिली, काढता येईना; तशीच भिजणार होती. दुसरी आणावी लागेल हे मी यादीत घातलं नव्हतं. पट्टा बांधला, बोळातून नेलं, उतारावरून आत नेलं, नळाखाली चाकांना ब्रेक लावला, अंगावरचे कपडे काढले. साबण तिच्या मांडीवर ठेवला.

“आता जा. दार ओढ.”

“कडी नाही लावणार.”

“कडी नको. पण ओढ.”

मी आणि बाबा बोळात उभे राहिलो. बराच वेळ काहीच ऐकू आलं नाही. मग नळ उघडला. बादलीत पडतं तसं पाणी नव्हतं ते, अंगावर पडणारं होतं. आवाज वेगळा असतो. मध्येच बंद झालं, पुन्हा उघडलं. मग काहीतरी फरशीवर पडलं.

“वसुंधरा?” बाबा दाराकडे गेले. “काय पडलं?”

“साबण.”

“आलो.”

“नाही,” आतून आवाज आला, चिडलेला. “येऊ नका. कोणी येऊ नका.”

“अगं पण साबण...”

“बिनसाबणाची करते.”

बाबांचा हात दारावर होता. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मला सुचत होतं, पुढच्या वेळी साबण जाळीत घालून खुर्चीला बांधता येईल, दोरी किती लांब हवी तेही. पण आत जाऊन मोजावं लागलं असतं.

“दुसरा कुठला नळ चालू ठेवू नका,” आई आतून ओरडली, “टाकी संपेल. मला अजून वेळ लागणार आहे.”

बाबांनी दारावरचा हात काढला आणि स्वयंपाकघरात चालू राहिलेला नळ बंद करायला गेले.