पाकिटातली खरवड

मी एक काथवट बोलतेय. तुमच्याकडे भाकरीचं पीठ मळायला असते ना, तशीच लाकडी, फक्त अंगानं दांडगी. माझ्यात चार वर्षांचं मूल आरामात झोपेल. आमचा घरधनी गुनार्स लहानपणी एकदा झोपला होता आणि आईच्या हातचा धपाटा खाऊन उठला होता.

गुनार्सच्या आजोबांनी मला एका अख्ख्या खोडातून कोरलं. तेव्हा लात्वियातल्या या गावात घरटी एक काथवट होती. आता दोन-तीनच उरल्यात आणि त्यातल्या एकीत तर फुलझाडं लावलीत. माझ्या नशिबी पीठच राहिलं, म्हणून मी स्वतःला भाग्यवान समजते.

आम्हा काथवटींना धुवायचं नसतं. शुक्रवारी संध्याकाळी राय नावाच्या धान्याचं काळपट पीठ उकळत्या पाण्यात भिजवायचं, शनिवारी शहाजिरं घालून मळायचं, पाव मेपलच्या पानांवर ठेवून भट्टीत सारायचे, आणि शेवटी मुठीएवढा गोळा मीठ लावून माझ्याच पोटात ठेवायचा. तो गोळा म्हणजे आंबवण. त्याच्यावरच पुढच्या शनिवारचे पाव फुगतात. कडांना चिकटलेली खरवड तशीच वाळू द्यायची. गुनार्सची आई, तिची सासू, त्या सासूची सासू, सगळ्यांचं तेच एक आंबवण चालत आलं होतं.

गुनार्स शाळेची बस चालवतो. बोलायला कंजूष आणि पाव मळायला उदार. त्याची बायको इंटा इस्पितळात नर्स आहे; स्वयंपाकात आपल्याला रस नाही हे ती अभिमानानं सांगते. म्हणून मी गुनार्सच्या वाट्याला आले. आई जाताना त्याला बजावून गेली होती, की आंबवण उंबऱ्याबाहेर द्यायचं नाही, दिलं की घरातला पाव रुसतो. शेजारच्या मिल्डानं तीनदा मागून पाहिलं. तिन्ही वेळा गुनार्सनं तिला गरम पाव दिला आणि आंबवणाचं बोलणं टाळलं.

मग गावातल्या शाळेनं पोर्तुगालमधल्या एका शाळेशी सोयरीक जुळवली. पानगळीत तिकडची मुलं आमच्याकडे येऊन घरोघरी राहणार, वसंतात आमची मुलं तिकडे जाणार. गुनार्सची मुलगी रूता तेव्हा चौदा वर्षांची होती. तिच्या वाट्याला बेनेदिता आली. दोघी मोडक्यातोडक्या इंग्रजीत बोलत. मला कुठलीच भाषा येत नाही, त्यामुळे सगळ्यांचं सारखंच कळतं.

बेनेदिताच्या मावशीची बेकरी होती. पहिल्याच दिवशी पोरीनं माझ्यात नाक खुपसलं आणि डोळे मिटून उभी राहिली. आठवडाभर ती गुनार्सच्या कोपराशी होती. जायच्या आदल्या दिवशी तिनं भीत भीत आंबवण मागितलं.

"तिला सांग, पाव हवे तेवढे ने," गुनार्स रूताला म्हणाला. "आंबवण नाही."

"बाबा, एवढंसं तर हवंय तिला."

"आजीला काय सांगू मी?"

पण दुसऱ्या दिवशी गुनार्स बस घेऊन गेला आणि रूतानं लाकडी चमच्यानं माझ्या कडेची खरवड काढून एका पाकिटात भरली. मला गुदगुल्या झाल्या. मी कुणाला काही बोलले नाही, आणि घरातला पावही काही रुसला नाही.

दोन वर्षांनी त्याच शाळेतून लेओनोर आली. शहाणी, कामसू मुलगी. पाहुणी म्हणून बसून राहू नकोस, भांड्यांना हात लाव, असं आईनं तिला बजावून पाठवलं होतं. इंटा तिच्या हातातून ताटल्या काढून घ्यायची आणि ती पुन्हा धरायची. शनिवारी पाव भट्टीतून निघाले. गुनार्स मुलांना सामन्याला सोडायला गेला, इंटा ड्युटीवर होती, रूता आवारातल्या वाफेच्या न्हाणीघराची चूल पेटवायला गेली. लेओनोर एकटीच उरली आणि तिला मी दिसले. कडांना वाळलेलं पीठ, तळाशी आंबट वासाचा उरलासुरला गोळा! घरातल्या माणसांना वेळच मिळत नसणार, असं तिला वाटलं असावं.

तिनं गोळा कोंबड्यांना टाकला. मग गरम पाणी, साबण आणि तारेची घासणी. आजोबांनी कोरल्यापासून माझ्या अंगाला साबण लागला नव्हता. वर लवकर वाळावी म्हणून तिनं मला पेटत्या चुलीशी उभी केली. थोड्या वेळानं टक् असा आवाज झाला आणि माझ्या कुशीत तडा गेला.

गुनार्स आणि रूता दारात आले तेव्हा मी लखलखत होते.

"काका, बघा!" लेओनोर हसत म्हणाली. "नव्यासारखी झाली की नाही?"

गुनार्सनं रूताकडे पाहिलं. "गोळा कुठाय, विचार तिला."

लेओनोरनं खिडकीबाहेर बोट दाखवलं. गुनार्स मोज्यांवरच अंगणात धावला. कोंबड्या चोची पुसत होत्या. तो परत आला, मोजे काढले, माझ्या तड्यावरून बोट फिरवलं. रूता रडवेली झाली होती.

"तिला सांग," तो म्हणाला, "कष्ट घेतलेस. छान घासलीस."

असा माणूस आहे तो. पण रूताचा चेहरा पाहून लेओनोरला राहवलं नाही आणि तिनं खोदून खोदून खरं काढून घेतलं. मग ती पोर अशी रडली की ड्युटीवरून आलेल्या इंटानं तिला मांडीवर घेतलं. मला तिचा राग आला नाही. कुणाच्या घरी इतक्या प्रेमानं भांडी घासणारं माणूस रोज भेटत नाही.

पाहुणी गेल्यावर गुनार्सनं पीठ-पाणी आंबवून नवं आंबवण करून पाहिलं. आंबट झालं, पण आईच्या पावाची चव येईना. मिल्डा कुंपणावरून म्हणाली, "तेव्हा मला दिलं असतंस, तर आज रुबाबात मागायला आला असतास."

"खरंय," एवढंच गुनार्स म्हणाला. मिल्डा भांडणाच्या तयारीनं आली होती, तिची पंचाईत झाली.

गुनार्सनं मला माळ्यावर नेलं आणि माझ्यात कांदे ठेवले. घरात दुकानातला पाव येऊ लागला. तो कापताना गुनार्स त्याच्याकडे बघतही नाही, असं रूता सांगायची. ती सांगायची कुणाला, तर मला, कारण बाबांच्या कानाआड बोलायचं तर माळ्याशिवाय जागा नव्हती. कांदे आणायच्या निमित्तानं ती वर येई आणि लेओनोरला फोन लावी; बेनेदिताला दिलेल्या पाकिटाचं तिनं तिलाच तेवढं सांगितलं होतं.

"बेनेदिता म्हणते, पाकीट बेकरीतल्या खणात तसंच पडलंय," पहिल्याच आठवड्यात लेओनोर फोनवर म्हणाली. "उघडलंच नव्हतं कुणी."

"दोन वर्षं? मग मेलं असेल गं ते."

"मावशी म्हणते, झोपलंही असेल. चिमूट चिमूट भिजवून बघू म्हणते."

"मग जपून. आणि बाबांना कळता कामा नये. आधीच तुटलाय, वरून माझी चोरी कळली तर..."

पहिली चिमूट कुजली. दुसरीला बुरशी आली. खाली गुनार्स इंटाला विचारत होता, "या पोरीला हल्ली इतका कांदा का लागतो?" तिसऱ्या चिमटीला दोन बुडबुडे आले आणि थांबले. आता पाकिटात एकच चिमूट उरली होती. लेओनोर म्हणाली, शाळेत अनुभव सांगायच्या तासाला तिनं पानगळीचं, न्हाणीघराच्या वाफेचं सगळं सांगितलं आणि काथवटीची गोष्ट आली तेव्हा ती जागेवर जाऊन बसली. "रूता, ही शेवटची चिमूट मी भिजवू की तू येईपर्यंत ठेवू?"

रूता माझ्या कडेवर हात ठेवून बसली होती. मग म्हणाली, "भिजव. माझ्यापेक्षा तुझा हात हलका असेल."

"माझा? माझ्या हातानं काय केलं ते माहितीये ना?"

"माहितीये. म्हणूनच जपशील."

चार दिवसांनी फोनवर नुसतं किंचाळणं ऐकू आलं. आंबवण जागं झालं होतं! रूतानं मलाच मिठी मारली. कांदे इकडेतिकडे घरंगळले. लेओनोरनं त्या शेवटच्या चिमटीत बेकरीतलं रायचं पीठ घातलं होतं, आणि घाबरून थोडं मक्याचंही. तिथून पुढे हिवाळाभर दर शनिवारी ती शाळेला उठावं तशी लवकर उठून बेकरीत जायची आणि त्याला खाऊ घालायची.

एप्रिलमध्ये रूता पोर्तुगालला जाऊन आली. गुनार्स अंगणातल्या बर्चच्या झाडांचा रस बादल्यांत धरत होता. ती बॅग न सोडताच त्याच्यासमोर उभी राहिली आणि पाकीट पुढे केलं. त्यात वाळवलेल्या करड्या खपल्या होत्या. मी माळ्याच्या उघड्या झडपेतून सगळं बघत-ऐकत होते.

"आजीचं आंबवण आहे, बाबा. बेनेदिता गेली तेव्हा मी चोरून दिलं होतं. लेओनोरनं जगवलंय."

गुनार्सनं पाकीट नाकाशी नेलं.

"कशानं खरवडलंस?"

"चमच्यानं."

"लोखंडाच्या?"

"लाकडी."

"मग ठीक आहे," तो म्हणाला आणि हुंदका देऊन रडला. आईच्या अंत्यविधीलाही तो असा रडला नव्हता. रूता घाबरली आणि तीही रडू लागली. बादली भरून वाहू लागली तरी दोघांना भान नव्हतं.

त्याच दिवशी कांदे टोपलीत गेले. गुनार्सनं माझा तडा लाकडाची पट्टी बसवून जोडला आणि तिसऱ्या शनिवारी माझ्यात पुन्हा पीठ मळलं गेलं. रूतानं लेओनोरला फोनवर घेतलं होतं. गुनार्सनं पहिल्या पावाची कड कापली, चावली, थांबला.

"काका, बिघडलंय का?" फोनमधून चिरका आवाज आला.

"किंचित गोड लागतंय," गुनार्स म्हणाला. "हिवाळा तुझ्याकडे काढला ना त्यानं. चालतंय. पुढच्या वेळी येशील तेव्हा तूच मळ."

"आणि भांडी?"

"भांडी इंटा घासेल," गुनार्स म्हणाला, आणि आतून इंटा ओरडली, "ऐकू येतंय मला!"

मग त्यानं एक वाटी घेतली, माझ्यातला मीठ लावलेला गोळा मधोमध तोडला, अर्धा त्यात ठेवला आणि वाटी रुमालानं झाकून कुंपणापाशी गेला. मिल्डा वाफे उकरत होती.

"हे ठेव," तो म्हणाला.

मिल्डानं रुमाल उचलला. जन्मभर टोमणे मारणाऱ्या त्या बाईनं तो पुन्हा नीट झाकला. "गुनार्स, आई काय म्हणेल तुझी?"

"आईला मी सांगतो. माझ्याकडचं गेलं तर मागायला येईन. तेव्हा मात्र नाही म्हणू नकोस."

आता माझं वय झालंय. तड्यातून पीठ थोडं झिरपतं, पट्टी हिवाळ्यात करकरते. पण दर पानगळीला नवी मुलं येतात, माझ्यात नाक खुपसतात, आणि जाताना प्रत्येकाच्या बॅगेत गुनार्सच्या हातचं एक पाकीट असतं. त्यावर रूता नाव-गाव लिहिते. खरवड मात्र गुनार्स स्वतः काढतो, लाकडी चमच्यानं.

तुम्ही कधी आमच्याकडे आलात तर खुशाल राहा, पाव खा, हवं तेवढं न्या. ताटल्या घासल्यात तर इंटा दुवा देईल. मला फक्त धुऊ नका. आणि धुतलंच चुकून, तर रडत बसू नका. मिल्डाकडे जा, वाटी घेऊन.