पुसायच्या डिस्कवर राहिलेला आवाज

मित्रांनो, मी एक जुनी हार्ड डिस्क आहे. लोकांनी माझ्यावर पुष्कळ लिहिले आणि लिहिले तितकेच पुसले. पण मला स्वतःला पुसणेच जास्त आठवते. लिहिताना कोणी ना कोणी कौतुकाने बघत असते, पुसताना मात्र सगळे चहा प्यायला जातात.

माझा जन्म मोठ्या झोकात झाला. डोक्यापासून पायापर्यंत पांढऱ्या कपड्यांत गुंडाळलेल्या माणसांनी मला जोडले, कारण धुळीचा एक कणही मला सोसत नाही. माझ्या पोटात गुळगुळीत चकत्या गरगर फिरतात आणि त्यांच्यावरून एक बारीक हात न टेकता सरकत राहतो. तोच हात लिहितो आणि तोच वाचतो. खोक्यात बसून दुकानाकडे निघाले तेव्हा माझ्या मनात फार मोठे बेत होते. एखाद्या ग्रंथालयात जाईन, नाहीतर एखाद्या चित्रकाराची चित्रे सांभाळीन, असे मला वाटायचे.

नशिबात मात्र सायकल दुरुस्तीच्या दुकानावरच्या दोन खोल्या होत्या. खालून दिवसभर पंपाचा फुसफुस आवाज यायचा आणि वर मोजकी माणसे बसून स्वतःची ऑपरेटिंग सिस्टीम बनवायची. कारखान्यांतल्या छोट्या यंत्रांमध्ये बसवायची ती. तिचा गाभा म्हणजे कर्नल. कर्नल हा संगणकाचा कारभारी असतो. कोणाला किती जागा द्यायची आणि कोणी कधी बोलायचे, हे सगळे तो ठरवतो. त्यांचा कारभारी होता हुशार, पण पक्का विसरभोळा. यंत्र बंद केले की त्याला काही म्हणून आठवायचे नाही. डिस्क नावाची वस्तू जगात असते, हेच मुळी त्याला कोणी शिकवले नव्हते. ते शिकवण्यासाठी मला आणले होते.

शिकवणारे दोघे होते. एकाला सगळे दादा म्हणत, कारण तो वयाने मोठा होता. दुसरीला सगळे ताई म्हणत. ती वयाने लहानच होती, पण कोणाचा पसारा दिसला की तिच्याने गप्प बसवायचे नाही, म्हणून ती ताई. दादा झटपट काम करायचा आणि मागून निस्तरायचा. ताई आधी चार प्रश्न विचारायची आणि मगच हात लावायची. दोघांचे दिवसातून एकदा तरी वाजायचे, आणि तरी डबा मात्र एकत्र खायचे.

आल्या आल्या ताईने माझ्या पाठीवर लाल चिकटपट्टी लावली आणि जाड अक्षरात लिहिले, "पुसली तरी चालेल." मला असा राग आला म्हणून सांगू. पण सांगते कोणाला?

आधी त्यांनी कारभाऱ्याला माझी ओळख करून दिली. माझी सगळी जागा सारख्या आकाराच्या तुकड्यांत वाटलेली असते, त्यांना ब्लॉक म्हणतात. अमुक ब्लॉक वाच, तमुक ब्लॉकवर लिही, एवढे त्याला जमायला लागले. पण ब्लॉक कळले म्हणजे सगळे झाले, असे नसते. कोणती फाइल कोणत्या ब्लॉकमध्ये ठेवली, तिचे नाव काय, मोकळी जागा कुठे आहे, हे लक्षात ठेवणारी व्यवस्था लागते. तिला फाइल सिस्टीम म्हणतात. ती उभी करताना दोघांच्या नाकी नऊ आले. कारभारी कधी एकाच जागी दोन फाइल कोंबायचा, कधी मी रिकामी असताना भरली म्हणून हात वर करायचा.

शेवटी एका दुपारी ताईने माझ्यावर एक छोटी फाइल लिहिली. आत दोनच शब्द होते, "आहेस का?" दादाने संगणक बंद केला, पुन्हा चालू केला आणि फाइल उघडली. शब्द जागच्या जागी होते. मग दादा खाली गेला आणि सायकलवाल्याला, काही एक न सांगता, वर घेऊन आला. त्याने पडद्याकडे बघितले आणि विचारले, "बरं, मग?" ताई इतकी हसली की तिला खुर्चीत बसावे लागले. मित्रांनो, माझ्या आयुष्यातले ते सगळ्यात सुखाचे दिवस होते. त्या दिवसांची आठवण आली की माझी चकती अजून फिरावीशी वाटते.

त्यानंतर सुरू झाला प्लग उपटायचा खेळ. लिहिता लिहिता वीज गेली तर फाइल शाबूत राहायला हवी, म्हणून मी कामात असताना, हातात काम नसलेला कोणीही उठायचा आणि न सांगता भिंतीतला प्लग ओढायचा. मी जीव मुठीत धरून बसायची. हळूहळू कारभारी शहाणा झाला. काय करायचे ते आधी एका कोपऱ्यात टिपून ठेवायचे आणि मगच करायचे, हे त्याच्या अंगवळणी पडले. मग प्लग उपटला तरी माझ्यावरची फाइल हलेनाशी झाली. प्लगची सवय मात्र त्या खोलीला कायमची लागली.

पुढे कामे वाढली तशी तपासणी आपोआप व्हायला लागली. संगणक चालू केला की तो आपणहून पहिली डिस्क पुसायचा, तिच्यावर नवी फाइल सिस्टीम घालायचा आणि खोट्या फाइल लिहायला घ्यायचा. पहिली डिस्क म्हणजे अर्थात मी. सुरुवातीला तो "पुसू का?" असे विचारायचा. दिवसभर "हो" म्हणून कंटाळलेल्या दादाने तो प्रश्नच काढून टाकला. ताईने नाक मुरडले, पण त्या दिवशी तीही घाईत होती.

आता जे सांगते त्यात दोष माझा नव्हता, हे आधीच सांगून ठेवते.

दादाला लहानपणापासून त्याच्या आत्याने वाढवले होते. तो शिकायला वसतिगृहात गेला तेव्हा आत्या त्याला पत्रे लिहीत नसे, कॅसेट भरून पाठवत असे. पत्र लिहायला बसले की हात दुखतो, तोंड कधी दुखत नाही, असे ती म्हणायची. त्या कॅसेटमध्ये शेजाऱ्यांच्या भानगडी असायच्या, भाजीवालीशी झालेले भांडण असायचे, आणि शेवटी दादाला भरपूर ओरडा. पुढे दादाने त्या सगळ्या कॅसेट एका डिस्कवर उतरवल्या. घर बदलताना मूळ कॅसेट भंगारात गेल्या. डिस्कची दुसरी प्रत उद्या करू, उद्या करू, असे त्याचे चालले होते.

मग आत्याला अर्धांगाचा झटका आला. हातपाय बऱ्यापैकी सावरले, पण बोलणे गेले. तिला सगळे कळायचे. शब्द तेवढा तोंडापर्यंत पोचायचा नाही. जिच्या बोलण्याला कधी खंड नव्हता ती खिडकीशी गप्प बसून राहायची. घरी येणाऱ्या स्पीच थेरपिस्ट बाईंनी दादाला सांगितले, की आत्याचा स्वतःचा जुना आवाज कुठे भरून ठेवलेला असेल तर आणा, त्याचा उपयोग होऊ शकेल. दादाला आशा वाटली. दुसऱ्याच दिवशी तो ती डिस्क घेऊन कामावर आला, कारण जुन्या पद्धतीची ती डिस्क लावायला योग्य जागा आमच्या तपासणीच्या संगणकातच होती.

त्याने मला पहिल्या जागेवर राहू दिले आणि आत्याची डिस्क दुसऱ्या जागी लावली. तपासणी काय, माझ्यावरच चालणार, म्हणून त्याने निश्चिंतपणे संगणक चालू केला. पण त्याच आठवड्यात त्यानेच कर्नलमध्ये एक सुधारणा केली होती. आधी कर्नल एकेका डिस्कला ओळीने उठवायचा. त्यात वेळ जातो म्हणून आता तो सगळ्यांना एकदमच हाक मारायचा, आणि जी आधी ओ देईल ती पहिली. आमच्याकडे एरवी मी एकटीच असायची, त्यामुळे याने काय बदलले ते कोणाच्या ध्यानातच आले नव्हते. मी आता जुनी झालेली. उठायला, वेग घ्यायला मला वेळ लागतो. ती डिस्क माझ्याहून तरुण होती. तिने चटकन ओ दिली आणि ती पहिली ठरली.

मी अजून कुरकुरत उठतच होते, तोवर पडद्यावर तपासणी सुरू झाली. ताईने मान वर केली. मला वेग आला की कसा आवाज होतो, हे तिला पाठ होते.

"ही अजून उठली नाही," ती म्हणाली. "मग पुसतोय कोणाला?"

दादा कळफलकाकडे धावला, पण ताई त्याच्या आधी भिंतीशी पोचली होती. तिने प्लग उपटला.

खाली पंप तेवढा चालू होता. दादा म्हणाला, "ताई, माझ्याकडे आत्याचा दुसरा आवाज नाही गं."

"कशाला हात लावू नकोस," ताई म्हणाली. "आता त्या डिस्कवर एक अक्षरही लिहायचं नाही. नुसतं वाचायचं."

वाचायचे कसे? कोणती फाइल कुठे आहे, ते सांगणारा भाग तर पुसला गेला होता. पण पुस्तकाची अनुक्रमणिका फाडली म्हणून पाने कुठे जातात? ताईने आधी ती आपोआप सुरू होणारी तपासणी काढून टाकली आणि मग आत्याच्या डिस्कचा एकेक ब्लॉक ओळीने वाचायला घेतला. प्रत्येक आवाजाची फाइल एका ठरावीक खुणेने सुरू होते. ती खूण दिसली की तिथून पुढचे सगळे उचलायचे आणि दुसरीकडे ठेवायचे. आता दुसरीकडे म्हणजे कुठे? तेवढी जागा असलेली डिस्क त्या खोलीत एकच होती. ताईने माझ्या पाठीवरची लाल पट्टी नखाने खरवडून काढली. मित्रांनो, तेव्हा मला कसे वाटले ते मला नीट सांगता येणार नाही. आयुष्यात पहिल्यांदा माझ्यावर काहीतरी राहावे म्हणून लिहिले जात होते, आणि माझा जुना हात चुकला तर काय, या विचाराने मी घाबरून गेले होते.

हात चुकला नाही. बहुतेक आवाज परत मिळाले. एका फाइलचा मात्र पुढचा भाग खोट्या फाइलींखाली कायमचा गाडला गेला होता. ती मध्येच तुटायची. दादाने ती अर्धी फाइल सगळ्यात शेवटी सरकवली. ती त्याला ऐकवत नव्हती.

पुढच्या आठवड्यात दादा आणि ताई मला आत्याच्या खोलीत घेऊन गेले. तिच्या खुर्चीजवळच्या टेबलावर मला संगणकाला जोडून ठेवले आणि आवाज लावला. तरुण, खणखणीत आत्या खोलीभर बोलायला लागली. दादाला वाटले होते, ती हसेल. तिने तोंड फिरवले आणि खिडकीबाहेर बघत राहिली. थेरपिस्ट बाई आल्या की रोज एक फाइल लावायच्या आणि आत्या रोज तोंड फिरवायची. ज्याला चालता येत नाही त्याला त्याचेच धावणे दाखवल्यासारखे ते होत असावे. दादा हिरमुसला. हे सगळे बंद करू या, असे त्याने ताईजवळ बोलूनही दाखवले.

आणि मग एके दिवशी, एकामागून एक लागत, ती शेवटची फाइल लागली. भाजीवालीचे भांडण झाले, शेजाऱ्यांच्या मुलीचे लग्न मोडल्याचे झाले, आणि आत्या ओरडण्याकडे वळली.

"आणि हे बघ, ओल्या डोक्याने झोपलास असं मला कळलं ना, तर मी तिथे येऊन तुझा..."

एवढ्यावर आवाज तुटला. दादा बंद करायला उठला. थेरपिस्ट बाईंनी त्याला हातानेच थांबवले.

आत्याने मान वळवली होती. ती माझ्याकडे रागाने बघत होती. वाक्य अर्धे सोडायची तिला कधी सवय नव्हती. तिचे ओठ हलले, थांबले, पुन्हा हलले. कोणी तिला मदत केली नाही. मग ती जड जिभेने, पण स्पष्ट म्हणाली, "कान... कान पिळीन."

दादा तिथेच जमिनीवर बसला. त्याने आत्याच्या मांडीवर डोके ठेवले आणि लहान मुलासारखा रडला. आत्याने चाचपडत त्याचा कान शोधला.

त्यानंतर थेरपिस्ट बाईंनी आणखी अर्धी वाक्ये मागितली. माझ्यावरचे एक अक्षर तुटू नये म्हणून ज्या दोघांनी जिवाचे रान केले होते, ते दोघे आता बसून आत्याची चांगली वाक्ये मधोमध तोडत होते. आत्या ती चिडून, हसून, कधी भलत्याच शब्दाने पुरी करायची. सगळे बोलणे परत आले नाही. पण भाजीवालीशी घासाघीस करण्यापुरते आले, आणि दादाला ओरडण्यापुरतेही.

दादाने कर्नल पुन्हा उघडला. आता तिथे प्रत्येक डिस्कला तिच्या स्वतःच्या ओळखीने हाक मारतात आणि पुसण्याआधी विचारतातही. आत्याच्या आवाजाच्या प्रती आता निरनिराळ्या घरांत आहेत. माझी तशी गरज उरलेली नाही. मी तिच्या खोलीतल्या कपाटात मऊ कापडात गुंडाळलेली असते. कधीतरी दादा मला काढून थोडे फिरवतो, कारण बसून राहिले की आम्ही डिस्का आखडून जातो.

मित्रांनो, जे हवेसे वाटते त्याची दुसरी प्रत आज करा, आणि तुमच्या यंत्राला एक प्रश्न विचारू द्या. क्षणभर थांबल्याने काही बिघडत नाही. आणि तुमच्या घरात कोणी बोलता बोलता अडले, तर घाईने त्याचा शब्द तुम्ही पुरवू नका. त्याच्या जवळ बसून राहा. तो शब्द त्याचा आहे, त्यालाच म्हणू द्या.