डोक्यातला खोकला

फैजपूरच्या थांब्यावर सुनंदा एस.टी.तून उतरली तेव्हा तिच्यासोबत माणूस नव्हता, नुसतं गाठोडं होतं. धुळ्याकडच्या सासरच्यांनी तिला कंडक्टरच्या ओळखीवर बसवून दिलं होतं, लोणच्याची बरणी धाडावी तशी. गाठोड्यात दोन लुगडी, आणि ताट, वाटी, तांब्या, फुलपात्र. ती ज्यात जेवत होती तीच भांडी. घरातलं दुसरं कुणी चुकून त्यात जेवू नये म्हणून तीही सुनेबरोबर हाकलली होती.

तिच्या आजीनं, धुरपदाबाईनं, ओट्यावरच गाठोडं सोडलं आणि ताट उपडं करून पाहिलं. मागे जीवरामचं, म्हणजे तिच्या लेकाचं, सुनंदाच्या बापाचं, नाव कोरलेलं. आंदणातली भांडी होती ती, तिनं हातानं निवडून घेतलेली.

"भांड्यायले तरी अक्कल आहे," ती म्हणाली, "आपलं घर वळखून परत आली. त्या घरच्या माणसायले तेवढी बी नाही."

सुनंदा काही बोलायला गेली आणि खोकू लागली. कोरडा, खणखणीत, थांबायचं नाव नाही असा खोकला. डोळ्यांत पाणी, मानेच्या शिरा तट्ट. शेजारच्या दोन बायका भिंतीवरून डोकावत होत्या, त्यांची तोंडं लगेच पदराआड गेली.

"पाहा, पाहा," धुरपदाबाई त्यांना म्हणाली. "फुकटचा तमाशा आहे. नीट दिसत नसलं तर पाट देऊ का उभं राह्याले?"

तोंडं भिंतीमागे गेली. पण गेली ती गल्लीभर क्षय सांगायलाच गेली, हे धुरपदाबाईला ठाऊक होतं. या गल्लीत कुणाच्या घरी दूध उतू गेलं तरी दुसऱ्या टोकाला फडकं घेऊन बाई तयार असते.

झालं होतं ते एवढंच. सत्तावन्नच्या पावसाळ्यात फ्लूचा ताप गावोगाव फिरला. सुनंदाच्या सासरी सगळेच आडवे झाले आणि सगळेच उठले. सुनंदाचाही ताप गेला, खोकला मात्र राहिला. आठ महिने झाले. कफ नाही, रक्त नाही, ताप नाही. हसली की खोकला, फोडणी घातली की खोकला, गार वारा लागला की खोकला. सासूनं, भिकुबाईनं, डॉक्टरला न दाखवता निकाल दिला की क्षय आहे. स्वतः आयुष्यात धुळ्याच्या बाजाराच्या पुढे न गेलेली बाई, पण छातीच्या आतलं तिला घरबसल्या दिसत होतं.

महिनाभर अडुळसा झाला, ज्येष्ठमध झालं, आलं-मध झालं. उखर्डू वैद्यानं चाटण दिलं. त्यानं खोकला गेला नाही, पोरीची भूक मात्र गेली. तेव्हा धुरपदाबाईनं जीवरामला सांगितलं, "जळगावले चल. तुह्या भरोशावर बसली तर माही नात भिंतीशी बसून म्हातारी होईन."

जीवराम पन्नाशीला आला होता. केळीच्या बागेत त्याचं डोकं चालायचं. बागेबाहेर ते चालवण्याचं काम आई करायची.

जळगावचा डॉक्टर तरुण होता, चष्मा लावलेला, आणि धुरपदाबाईच्या मते फारच बारीक. स्वतःच्या अंगावर मांस नाही तो दुसऱ्याला काय बरं करणार? पण त्यानं नीट तपासलं. छातीचा फोटो काढवून घेतला, दुसऱ्या दिवशी बोलावलं आणि तो फोटो खिडकीला धरून म्हणाला, "क्षय नाही. फुफ्फुसं स्वच्छ आहेत."

धुरपदाबाईनं देवाचं नाव घेतलं नाही. "मले माहीतच व्हतं," म्हणाली. "मंग खोकते काहून?"

"आजी, खोकला छातीतून बाहेर पडतो, पण त्याचा हुकूम मेंदूतून सुटतो." त्यानं स्वतःच्या मानेवर, कवटीच्या बुडाशी बोट ठेवलं. "घशातल्या नसा इथं वर्दी देतात, आणि इथून खोकायचा हुकूम येतो. त्या तापात तिच्या नसा हुळहुळ्या झाल्या. आता घशात काही नसतानाही त्या वर्दी देतात, आणि मेंदू खरं मानून खोकायला लावतो. झोपेत खोकते का?"

"नाही," सुनंदा म्हणाली.

"झोपेत नाही?" धुरपदाबाई वळली. "म्हंजे जागेपणी ढोंग करते?"

सुनंदानं मान खाली घातली. तिच्या सासरी आठ महिन्यांत तिला बरंच काही म्हटलं होतं, पण हे कुणी म्हटलं नव्हतं.

"ढोंग कसं होईल?" डॉक्टरचा आवाज जरा चढला. "झोपेत मेंदूची ती जागाही पेंगते. तुमच्या डोळ्याजवळ मी बोट आणलं तर पापणी मिटेल. तुम्ही मिटवली म्हणून नाही, मेंदूनं मिटवली म्हणून. पण मन घट्ट केलं तर थोडा वेळ उघडी ठेवता येते की नाही? खोकल्याचंही तसंच. मेंदूचा वरचा भाग खालच्याला थोपवू शकतो. ते शिकायचं."

मग त्यानं सुनंदाला शिकवलं. घशात खवखव सुरू झाली की तोंड मिटायचं, आवंढा गिळायचा, नाकानं सावकाश श्वास घ्यायचा, पाण्याचा एक घोट. आज दहा आकडे मोजेपर्यंत थोपवला, उद्या वीस. धुरापासून लांब राहायचं. तीन-चार महिने लागतील, कदाचित जास्तच. मुळासकट जाईलच असंही तो म्हणाला नाही. सासरच्यांसाठी चार ओळींचा कागद मात्र त्यानं लिहून दिला.

परत येताना एस.टी.त जीवरामनं कागद वाचून दाखवला. छाती निर्दोष, क्षय नाही, खोकल्याचं मूळ मेंदू आणि मज्जातंतूंत.

"त्यातला एक शबूद काढून टाकता येईन का?" धुरपदाबाईनं विचारलं.

"कोणता?"

"मेंदू. हे त्या घरात वाचलं तर काय म्हनतीन? क्षयाची नाही, येडी आहे म्हनतीन. क्षयवाल्याले लोक दवाखान्यात धाडतात. येडीले कुठी धाडतात?"

जीवरामचं तोंड उतरलं. तो खिडकीबाहेर पाहू लागला. आईनं त्याला पन्नास वर्षं ओळखलेलं. "काय केलं रे?"

"सकाळी तू सुनंदासंग दवाखान्यात बाहेर बसली व्हती ना, तवा पोस्टात गेलो. डॉक्टरनं फोटो पाहून मले आधीच सांगितलं व्हतं. म्हटलं, व्याह्यायले चांगली बातमी लवकर कळावी." जीवराम पुटपुटला. "कार्ड टाकलं. क्षय नसून मेंदूचा विकार आहे, काळजी नसावी."

काळजी नसावी! उघडं कार्ड, त्या खेड्यात, जिथं पोस्टमन पारावर उभा राहून सगळ्यांना वाचून दाखवतो. धुरपदाबाईनं त्याच्या हातातला कागद ओढून घेतला आणि फैजपूर येईपर्यंत पदराच्या गाठीत धरून ठेवला. जीवरामला वाटलं, शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

आठव्या दिवशी दुपारी व्याही आला. अभिमन पाटील. पांढरा फेटा, हातात काठी, मागे लेक तोताराम, सुनंदाचा नवरा, बापाच्या सावलीत पाऊल ठेवत चालणारा. दारात येताच अभिमन पाटील खाकरला. मोठ्यांदा, घसा मुळापासून खरवडून. घरातल्या दोन्ही सुना हातातलं टाकून उठल्या, डोक्यावर पदर ओढून आत पळाल्या. खानदेशात सासरा घरात शिरताना असंच खाकरतो, सुनांनी सावरून बसावं म्हणून. पण हे त्याचं घर नव्हतं आणि या त्याच्या सुना नव्हत्या.

पाणी झालं. चहा चुलीवर गेला. सुनंदा आतल्या दाराच्या चौकटीशी, पदराआड, पाण्याचं फुलपात्र हाती धरून बसली. पाटलानं खिशातून घडी केलेला कागद काढला.

"अक्का," तो धुळ्याकडच्या अहिराणीत म्हणाला, "तुम्ही येडी पोर आम्हना गळामा बांधी दिनी. बठ्ठा गावमा बोभाटा शे. मी सोडचिठ्ठी लई उनू." आणि खाकरला.

"तिचा अंगठा घ्याल का सही?" धुरपदाबाईनं शांतपणे विचारलं. "ती चवथी शिकलेली आहे. तुमच्या घरात तेवढंबी कोनी नाही म्हणून इचारते."

"थट्टा नको, अक्का. डोकाना आजार शे, तुम्हना जीवरामनाच कार्डमा लिखेल शे." खाकर. "असी बाई घरमा ठेवी तर..." खाकर.

धुरपदाबाई त्याच्या तोंडाकडे पाहत होती. पहिली खाकर दारात. दुसरी बसल्यावर. मग प्रत्येक वाक्याच्या शेवटी, टाचणी टोचावी तशी. तिला तो चष्मेवाला बारीक डॉक्टर आठवला. त्याचं तिनं ऐकलं होतं, पण मानलं नव्हतं. आता मानलं.

"पाटील," ती म्हणाली, "इथं तुमची सून एकच. ती त्या दारात पदर घेऊन बसलेली. मंग खाकरता कोनासाठी?"

"कोन खाकरस?"

"तुम्ही. आल्यापासून पाच येळा."

पाटील हसला. "ती सवय शे. घरमा शिरताना खाकरनं पडस ना!"

"पडत असंन. आता तर शिरून बसले. चहा येईस्तोवर खाकरू नका. नाही खाकरले तर मी स्वतः नातीची सही घेऊन देते."

जीवराम दचकला. आतून भांडं पडल्याचा आवाज आला. सुनंदानं मात्र मान वर करून आजीकडे पाहिलं, आणि त्या पाहण्यात माया नव्हती. पैजेवर लावलेली ती होती.

"ठरनं," पाटील म्हणाला, आणि काठीवर दोन्ही हात ठेवून ताठ बसला.

काही वेळ छान गेला. मग त्याच्या घशाची घाटी एकदा वर गेली, खाली आली. त्यानं आवंढा गिळला. फेटा नीट केला. छताकडे पाहिलं, वासे मोजल्यासारखं केलं. कानाच्या पाळ्या लाल झाल्या. दाराच्या चौकटीत सुनंदानंही तोंड मिटलं होतं. आतून चुलीचा धूर येत होता, आणि तिची बोटं फुलपात्रावर एक-एक करून आपटत होती, आकडे मोजत. एकाच घरात सासरा आणि सून, दोघं आपापल्या घशाशी झुंजत होते.

पाटील आधी हरला. खाकरला तो असा, की ओट्यावरची चिमणी उडाली.

आणि तोताराम हसला. आल्यापासून त्याच्या तोंडून निघालेला पहिला आवाज तो. बापानं डोळे वटारले, तेव्हा त्यानं तोंडावर हात दाबला, पण खांदे हलतच राहिले.

"सवय शे ती!" पाटील ओरडला. "सांगं ना सवय शे!"

"व्हय ना. पण सवय राह्यते कुठी? गुडघ्यात?" धुरपदाबाई आता मोकळी झाली. "तुमच्या घशात काही अडकलेलं नाही, तरी खाकरायचा हुकूम सुटला. कुठून सुटला? तुम्हाले नको व्हता, तरी सुटला. मंग पाटील, डोक्याचा आजार तुम्हालेबी झाला म्हणा. तुमच्या बायकोले सांगा, ह्यायचं ताट येगळं मांड. आन् कार्ड टाकाचं असंन तर जीवराम लिहून देईन, त्याचं अक्षर चांगलं आहे."

चहा आला. पाटलानं कप उचलला आणि पुन्हा ठेवला. मग सुनंदाचा बांध सुटला. ती खोकू लागली, वाकून, भिंतीला हात टेकून.

"हाई देखा!" पाटील म्हणाला, पण आवाजात पहिला जोर नव्हता.

तोताराम उठला. बापासमोर उठताना जरा अडखळला. तिच्याजवळ जाऊन त्यानं विचारलं, "दुखस का तुले?"

सुनंदानं आधी खोकला संपू दिला. मग डोळे पुसले. "आठ महिन्यांत आज विचारलं," ती म्हणाली. "दुखतं."

धुरपदाबाईला वाटलं, आता लोखंड तापलंय, आजच्या आज पोरीला गाडीत बसवावी. "पाटील, कागद ठेवा खिशात. आजच घेऊन जा सून. सुनंदा, गाठोडं बांध व."

"मी आज जाणार नाही," सुनंदा म्हणाली.

या घरात धुरपदाबाईला असं कुणी म्हणत नसे.

"काय म्हणली?"

"आज नाही, आजी. त्यांच्या चुलीच्या खोलीला खिडकी नाही. सगळा धूर आतच. डॉक्टर काय म्हणाले, तुम्ही ऐकलं. खिडकी झाली की येईन. नाही झाली तर आणा तो कागद, मी सही करते." तिनं आजीकडे न पाहता पुढे म्हटलं, "आणि तुम्ही मला ढोंगी म्हटलं होतं, पैजेलाही लावलं. हे दोन्ही पुन्हा करू नका."

धुरपदाबाईनं तोंड उघडलं आणि मिटलं. तिच्या घशाशी बरंच काही आलं होतं. ते तिनं गिळलं, तेही चार माणसांत, आणि त्याला किती जोर लागतो ते तिला पहिल्यांदा कळलं.

"भीत फोडानी शे का आते?" पाटील समोरच्या भिंतीकडे पाहत पुटपुटला. "बापजादानी भीत..."

"मातीची भीत आहे, पाटील," धुरपदाबाई म्हणाली. "देवाची नाही."

"खिडकी मी पाडसू," तोताराम म्हणाला. बापाकडे न पाहता, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं.

अकरा दिवसांनी तो एकटाच आला. अंगठ्याला चिंधी बांधलेली, पहारीचा घाव लागला होता. खिडकी किती मोठी केली ते त्यानं हात पसरून दाखवलं. धुरपदाबाईनं ते हात पाहिले आणि म्हणाली, "एवढीशी? मांजर अडकंन त्यात." पण शिदोरीच्या दशम्या तिनं स्वतःच्या हातानं लाटल्या होत्या, आणि तूप लावताना हात आखडला नव्हता.

थांब्यावर एस.टी. आली. वर चढता चढता सुनंदा खोकली. आत बसलेली एक बाई नाकाला पदर लावून बाकाच्या टोकाशी सरकली. तोताराम सुनंदाला तिच्याशेजारीच बसवून स्वतः उभा राहिला.

"सरका, सरका अजून," धुरपदाबाई खालून त्या बाईला म्हणाली. "माह्या नातीले ऐसपैस बसाले लागते."